पहिल्या पराभवानंतर क्वार्टरबॅकशी काय बोलायचं, आणि कधी

ताई, नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा दहावीत आहे. शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या व्हार्सिटी (मुख्य) संघात क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून हल्ला चालवणारा खेळाडू, म्हणून शुक्रवारी पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळला. संघ ३५-१० असा हरला. त्याचे तीन पास इंटरसेप्ट झाले, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी झेलले, आणि पाच वेळा तो सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच त्याला पाडलं. सामना संपल्यावर कोचनी नुसता खांद्यावर हात ठेवला आणि ते पुढे गेले. शनिवारी सामन्याची फिल्म बघताना मात्र त्याचे चुकलेले थ्रो सगळ्या संघासमोर लावले. आज रविवार, मुलगा खोलीतून बाहेर येत नाही आणि ‘मी सोडतोय’ म्हणतो. कोच रागावलेत का, तुम्ही त्यांना मेल करावी का, आणि अशा वेळी चांगला कोच नक्की काय करतो, असं तुम्ही विचारलंय.

मी टेक्सासमधल्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवतो आणि गेली चौदा वर्षं तिथल्या क्वार्टरबॅकना तयार करायचं काम माझ्याकडे आहे. या चौदा वर्षांत सात मुलांची ‘पहिली हार’ मी जवळून पाहिली. त्यातल्या दोघांच्या बाबतीत मी चुकलो. उरलेल्या पाच जणांच्या वेळी जे जमलं, ते बरंचसं त्या दोघांनी शिकवलेलं आहे.

तुम्ही कोचच्या वागण्यात राग शोधताय. आई म्हणून ते साहजिक आहे. पण मला वाटतं, रागापेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे: या हारीतला नेमका किती वाटा तुमच्या मुलाचा, हे त्याला कुणी मोजून दाखवलंय का? नवख्या क्वार्टरबॅकच्या मनात शुक्रवारी रात्री सगळीच्या सगळी हार त्याच्या एकट्याच्या नावावर चढलेली असते. खेळाची रचनाच तशी आहे. जवळपास प्रत्येक प्लेला, म्हणजे ठरवून खेळलेल्या प्रत्येक चालीला, चेंडू आधी त्याच्या हातात येतो. त्याच्यापुढे भिंत धरणाऱ्या पाच लाइनमनपैकी एकाचा पाय चुकीच्या दिशेला पडला, पास झेलणारा रिसीव्हर दोन पावलं आधी वळला, कोचनी प्लेच चुकीचा पाठवला, तरी स्टँडमधल्या लोकांना दिसतो तो फक्त चेंडू फेकणारा. क्रिकेटमध्ये फलंदाज बाद झाला की निदान पॅव्हेलियनमध्ये जाऊन बसतो. इथे इंटरसेप्शन झालेल्या मुलाला पाच मिनिटांनी पुन्हा त्याच जागी, त्याच लोकांसमोर उभं राहायचं असतं.

मग घरी सगळे म्हणतात, ‘अरे, तुझी काही चूक नाही.’ शाळेत कुणीतरी म्हणतं, ‘तुझ्यामुळे हरलो.’ ही दोन्ही वाक्यं खोटी आहेत आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला ते कळतं. मी स्वतः पहिल्या दोन मुलांपैकी एकाला बसमध्ये शेजारी बसवून मायेनं सांगितलं होतं, की यात तुझा काही दोष नाही. त्यानं मान हलवली. पुढच्या आठवड्यात मी त्याच्या एका चांगल्या थ्रोचं कौतुक केलं, तेव्हा त्यानं तेही तितक्याच थंडपणे ऐकून घेतलं. माझ्या शब्दाला त्याच्या लेखी किंमत उरली नव्हती. त्याला माहीत होतं की तिसरा थ्रो त्याचाच होता आणि मी ते पाहूनही बोललो नव्हतो. ते उरलेलं वर्ष मी त्याला काही शिकवू शकलो असं मला वाटत नाही.

आता यात काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही सांगतो. मी तुमच्या मुलाचा सामना पाहिलेला नाही. त्याच्या कोचना ओळखत नाही. डिस्ट्रिक्टचे, म्हणजे गटातले, सामने सुरू व्हायचे असतील तर कोचच्या हातात थोडा वेळ असतो. सुरू झाले असतील तर प्लेऑफचं (बाद फेरीचं) गणित डोक्यावर असतं. मागे बारावीतला अनुभवी बॅकअप बसलेला असेल तर निर्णय वेगळे होतात. काही मुलांना लगेच बोललेलं चालतं, काहींना आधी एक रात्र हवी असते. त्यामुळे तुमच्या कोचनी बरोबर केलं की चूक, हा निकाल मी देत नाही. मी काय करतो आणि का करतो, एवढंच सांगतो. त्यावरून तुम्हाला तिथलं चित्र वाचता येईल.

शुक्रवारी रात्री मी पहिल्यांदा ट्रेनरला, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या माणसाला, गाठतो. पाच सॅक म्हणजे पाच वेळा मोठ्या वजनाची पोरं अंगावर आलेली आहेत. टेक्सासमध्ये २०११ पासून कायदाच आहे, की डोक्याला मार बसल्याचा संशय आला तर खेळाडूला बाहेर काढायचं आणि डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्याशिवाय परत उतरवायचं नाही. पण सामन्याच्या धामधुमीत एखादा मार नजरेतून सुटू शकतो. हरलेला मुलगा गप्प असतो आणि डोक्याला मार बसलेला मुलगाही गप्प असतो. बाहेरून दोघं सारखेच दिसतात. म्हणून आधी ती तपासणी, मग बाकी सगळं.

त्यानंतर मुलाला मी एकच वाक्य बोलतो: ‘सकाळी साडेआठला माझ्या खोलीत ये, नाश्ता मी आणतो.’ बस. तुमच्या मुलाच्या खांद्यावर ठेवलेला तो हात कदाचित याच जातीचा असेल. हे हातचं राखणं मी मुद्दाम करतो. साइडलाइनवरून मला खरं चित्र दिसलेलंच नसतं. जमिनीच्या पातळीवरून सेफ्टी (सगळ्यात मागे उभा राहणारा बचावपटू) कुठून धावत आला, रिसीव्हरनं आपला रस्ता कुठे तोडला, हे कळत नाही. ते स्टँडच्या वरच्या प्रेसबॉक्समधल्या कॅमेऱ्याला दिसतं. म्हणजे त्या रात्री मी जे काही बोलेन ते स्कोअरबोर्ड बघून बोलेन. आणि त्या रात्रीचा शब्द मुलं वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

लॉकर रूममध्ये संपूर्ण संघाशी हेड कोच बोलतात, मी मागे उभा असतो. पण आमच्याकडे एक रिवाज आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो: प्रत्येक कोच आपली एक चूक सर्वांसमोर सांगतो. ‘तिसऱ्या क्वार्टरमध्ये आपल्या गोललाइनजवळ असताना पास पाठवला तो निर्णय माझा होता, तो चुकला.’ एवढंच. त्यात आव नसतो, रडगाणंही नसतं. कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला क्वार्टरबॅक तेव्हा पहिल्यांदा वर बघतो. हारीत आणखी कुणी वाटेकरी आहे, हे त्याला असं कळतं.

खरं काम शनिवारी सकाळी होतं, आणि इथे मी जरा सविस्तर लिहितो.

संघाची फिल्म दहाला असते. त्याच्या आधी दीड तास तो आणि मी. दुसऱ्या मुलाच्या वेळी मी इथेच चुकलो होतो. रात्रभर बसून अठ्ठेचाळीस क्लिप काढल्या, प्रत्येकीवर लाल बाण आणि वर्तुळं. मेहनत भरपूर केली होती, पण विसाव्या क्लिपनंतर मुलगा नुसता ‘यस सर, यस सर’ म्हणत होता. आता मी बारापेक्षा जास्त क्लिप ठेवत नाही आणि बाण मुळीच काढत नाही.

प्रत्येक क्लिप मी स्नॅपच्या, म्हणजे चेंडू मागे देऊन प्ले सुरू होण्याच्या, आधी थांबवतो आणि विचारतो, ‘इथे तुला काय दिसलं होतं?’ काय दिसायला हवं होतं, हे मी विचारत नाही. त्या एका क्षणी त्याच्या डोळ्यांना काय दिसलं, ते मला हवं असतं. त्याच्याकडे चेंडू सोडायला अडीच-तीन सेकंद असतात. त्यात तो सेफ्टी मोजतो, पहिला रिसीव्हर बघतो, तो झाकलेला असेल तर दुसऱ्याकडे वळतो. तो म्हणाला, ‘सर, मध्ये सेफ्टी दिसला म्हणून मी मधला सोडून बाहेर फेकला,’ आणि फिल्ममध्ये खरोखर मध्ये सेफ्टी असेल, तर त्याचं वाचन बरोबर आहे; चुकला तो हात किंवा पाय. तो म्हणाला, ‘काही दिसलंच नाही, नुसता फेकला,’ तर ते दुखणं वेगळं आहे आणि त्याचं औषधही वेगळं. बाहेरून दोन्ही थ्रो हुबेहूब सारखे दिसतात. विचारल्याशिवाय ते कळायला मार्ग नाही.

मी प्रत्येक थ्रोला दोन गुण देतो: एक निर्णयाचा, एक अंमलबजावणीचा. निकालाला गुण नाहीत. माझ्या गणिताच्या तासालाही हाच नियम आहे, पायऱ्या बरोबर असतील तर उत्तर चुकलं तरी गुण मिळतात आणि पायऱ्यांशिवाय आलेल्या बरोबर उत्तराला मी भुलत नाही. हे मुलाला नुसतं बोलून पटत नाही. म्हणून पहिली क्लिप मी कधीच इंटरसेप्शनची लावत नाही. पहिली लावतो एखाद्या चार यार्डांच्या साध्या पासची. वरचे दोन्ही रिसीव्हर झाकलेले होते, त्यानं हट्ट न करता बाजूच्या रनिंगबॅकला चेंडू दिला. टाळ्या पडल्या नव्हत्या, पण माझ्याकडे दोन्ही गुण. दुसरी लावतो त्याच्या टचडाउनची, किंवा सगळ्यात लांब पासची, ज्यात तो नशिबानं वाचला: दोन बचावपटूंच्या मधून सुटलेला चेंडू. त्याला निर्णयाचा शून्य. मुलगा चमकतो. ज्या थ्रोसाठी स्टँड डोक्यावर घेतलं होतं, त्याला कोच शून्य देतोय. मग इंटरसेप्शनकडे वळलं की तो ऐकायला तयार असतो, कारण कोच स्कोअर बघून बोलत नाही हे त्याला एव्हाना पटलेलं असतं.

सहा वर्षांपूर्वीच्या एका मुलाचं सांगतो, तोही दहावीतलाच, पहिलाच सामना, तीन इंटरसेप्शन. पहिलं: पास रिसीव्हरच्या दोन्ही हातांवर आला, तिथून उडाला आणि बचावपटूच्या हातात पडला. निर्णय एक, अंमलबजावणी एक, पूर्ण गुण. दुसरं: उजव्या बाजूनं ब्लिट्झ आला, म्हणजे जादा बचावपटू थेट त्याच्यावर धावून आला, कुणी अडवला नाही, फेकतानाच त्याच्या कोपराला धक्का बसला. इथे हिशेब वाटला जातो. लाइनमननं चुकीचा माणूस उचलला होता. मुलानं स्नॅपच्या आधी तो ब्लिट्झ ओळखून हाक द्यायला हवी होती, ती दिली नाही. आणि समोर सात जण टपलेले असताना इतका हळू उमलणारा पास मी पाठवला होता. तीन जणांची चूक. तिसरं: चौथा क्वार्टर, वीस गुणांनी मागे. तो उजवीकडे धावत सुटला आणि धावता धावता अंगाच्या उलट दिशेला, मैदानाच्या मध्यावर उशिरा चेंडू फेकला. तिथे दोन बचावपटू वाट बघत होते. मी क्लिप थांबवली. तो स्वतःच म्हणाला, ‘हा माझा.’ मी म्हटलं, ‘हो, हा पूर्ण तुझा.’

ते ऐकून त्याचा चेहरा हलका झालेला मी पाहिला. आदल्या रात्री त्याच्या डोक्यावर तीन इंटरसेप्शन आणि सगळा सामना होता. आता त्याच्या हातात एकच थ्रो होता आणि तो दुरुस्त करता येण्यासारखा होता.

सगळ्यांसमोर फिल्म दाखवली, याचं तुम्हाला वाईट वाटलं. मला यात एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: त्याच बैठकीत लाइनमनच्या चुका, रिसीव्हरच्या चुका, बचावाच्या चुका दाखवल्या का? सगळ्यांच्या दाखवल्या असतील, तर तो नेहमीचा कामाचा भाग आहे आणि क्वार्टरबॅकला त्यातून वगळणंच उलट त्याचा अपमान ठरला असता. त्याच्या एकट्याच्याच दाखवल्या असतील, किंवा दाखवताना कोच हसत असतील, टोमणे मारत असतील, तर ते मला मान्य नाही. मुलाला हे विचारा. तो खरं सांगेल.

एनएफएलची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगची, उदाहरणं मुलांना नेहमी दिली जातात, त्याबद्दलही बोलतो, कारण तुमच्याही कानावर पडली असतील. सगळ्यात लाडकं उदाहरण पेटन मॅनिंगचं. १९९८ साली त्याच्या पहिल्या हंगामात इंडियानापोलिसचा संघ ३-१३ (तीन विजय, तेरा पराभव), मॅनिंगची २८ इंटरसेप्शन, नवख्या खेळाडूसाठी तो आजही विक्रम आहे. कोच जिम मोरा यांनी त्याला सोळाच्या सोळा सामने खेळवलं आणि पुढच्या वर्षी संघ १३-३ झाला. गोष्ट खरी आहे. पण मी ती मुलांना सांगत नाही. ज्यांना असंच मार खात खेळवत ठेवलं आणि जे सावरले नाहीत, त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही. आमच्या ह्यूस्टनलाच २००२ साली नवा संघ आला. ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला, पहिला खेळाडू, क्वार्टरबॅक डेव्हिड कार पहिल्याच हंगामात ७६ वेळा सॅक झाला. एका हंगामातला तो एनएफएलचा विक्रम आहे. त्याच्यापुढची लाइन नवी आणि विस्कळीत होती. अशा वेळी मुलाला ‘धीर धर’ सांगण्यात काही अर्थ नसतो. त्याच्यासमोर भिंत उभी करावी लागते, किंवा चेंडू त्याच्या हातातून लवकर सुटेल असे प्ले द्यावे लागतात.

मला जास्त शिकवून गेला तो क्वार्टरबॅक जेरेड गॉफ. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये तो पहिला निवडला गेला. लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघानं त्याला नोव्हेंबरमध्ये उतरवलं आणि उरलेले सातही सामने तो हरला. त्या वर्षी संपूर्ण लीगमध्ये सगळ्यात कमी गुण रॅम्सचे होते. हंगाम संपायच्या आधीच कोच जेफ फिशर यांना काढण्यात आलं. मग वयाची तिशीच गाठलेले शॉन मॅकव्हे आले. डाव्या टोकाला अँड्र्यू व्हिटवर्थसारखा मुरलेला लाइनमन आणला, प्ले नव्यानं बांधले. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधला, कोचचा आवाज ऐकवणारा रेडिओ प्ले-क्लॉकवर (प्ले सुरू करायची मुदत मोजणाऱ्या घड्याळावर) पंधरा सेकंद उरेपर्यंत चालू असतो. मॅकव्हे संघाला लवकर रांगेत उभं करायचे आणि तोवर गॉफशी बोलत राहायचे. २०१७ मध्ये तोच संघ गुणांमध्ये लीगमध्ये पहिला आला. हात तोच, मुलगा तोच. म्हणून हरलेल्या क्वार्टरबॅकबरोबर बसताना माझा अर्धा वेळ ‘मी याला काय दिलं होतं’ हे तपासण्यात जातो.

आता पुढचा आठवडा. रविवारी आम्ही कोच एकत्र बसतो आणि मी माझ्या यादीतून पासचे प्ले काढायला लागतो. पहिल्या वर्षाच्या मुलाकडे मी साधारण पंचवीस ठेवतो, हारीनंतर त्यातले पंधराच. सोमवारी तो यादी बघतो आणि त्याला ज्यांच्यावर भरवसा आहे अशांवर खूण करतो. एनएफएलमधले नावाजलेले कोच बिल वॉल्श यांनी सामन्याचे सुरुवातीचे पंधरा-पंचवीस प्ले आधीच लिहून ठेवायची पद्धत रुजवली. आम्ही दहा लिहितो, आणि हारीनंतरच्या आठवड्यात त्यातले तीन मुलगा निवडतो. पहिला प्ले पास असेल तर तो त्यानं निवडलेलाच असतो. पाच-सहा यार्डांचा, बाहेरच्या बाजूचा, नजर एकाच माणसावर ठेवून फेकायचा. पहिला चेंडू पूर्ण झाला की हाताला आपली लय आठवते.

मंगळवारी त्याची ती एक चूक मैदानावर उभी करतो. बदली संघाला सांगतो, हुबेहूब तशीच रचना लावा, तेच दोन बचावपटू मध्यावर. तो उजवीकडे धावतो आणि या वेळी चेंडू साइडलाइनबाहेर फेकून देतो. आठ वेळा. माझे आजोबा कोल्हापूरला तालमीत होते. ते सांगायचे, की कुस्ती ज्या डावावर गेली, दुसऱ्या दिवशी पहाटे वस्ताद त्याच डावात पुन्हा धरायचा, सुटेपर्यंत. भाषण द्यायचा नाही. लहानपणी मला ते कठोर वाटायचं. आता त्यातली माया कळते.

बुधवारी मी त्या सामन्याचा विषय संपवतो. त्यानंतर कुणी काढला तर मी उत्तर देत नाही.

मुलाला बसवायचं कधी, हे तुम्ही विचारलं नाही, पण मनात असेल. इंटरसेप्शनच्या आकड्यावर मी कधीच बसवत नाही. मी डोळे बघतो. पॉकेटमध्ये, म्हणजे लाइनमनच्या आडोशात, उभ्या क्वार्टरबॅकची नजर वर, रिसीव्हरकडे असायला हवी. खूप मार खाल्ला की ती खाली येते, अंगावर येणाऱ्या लाइनमनकडे. मग तो कुणी जवळ आलेलं नसतानाही पळतो. २०१९ मध्ये पेट्रियट्सविरुद्धच्या सामन्यात जेट्सचा क्वार्टरबॅक सॅम डार्नॉल्ड बाकावर बसून ‘मला भुतं दिसताहेत’ असं म्हणाला आणि ते टीव्हीच्या माइकवर सगळ्या देशानं ऐकलं. जेट्स ३३-० हरले. लोक त्याच्यावर हसले. मला वाटतं, त्यानं प्रत्येक क्वार्टरबॅकला कधी ना कधी येणारा अनुभव प्रामाणिकपणे सांगितला. तेव्हा तो दुसऱ्याच वर्षाचा होता. २०२४ मध्ये मिनेसोटाकडून त्यानं चौदा सामने जिंकले. तर नजर खाली आली, की मी मुलाला एक-दोन सिरीज (हल्ल्याच्या पाळ्या) बाहेर घेतो, माझ्याशेजारी उभं करतो आणि सेफ्टी कुठे आहे ते मोठ्यानं सांगायला लावतो. त्याला बाहेर का घेतलं, हे त्याच क्षणी त्याच्या तोंडावर सांगतो. न सांगता बाकावर बसवलेल्या मुलाला स्वतःची कारणं शोधावी लागतात, आणि तो नेहमी सगळ्यात वाईट कारण शोधतो.

त्या तीन इंटरसेप्शनवाल्या मुलाचा पुढचा सामनाही आम्ही तीन गुणांनी हरलो. पण दुसऱ्या क्वार्टरमध्ये तो साइडलाइनवर आला आणि मी काही विचारायच्या आत म्हणाला, ‘सर, त्यांचा सेफ्टी उशिरा वळतोय, आतला रस्ता मोकळा आहे.’ त्याला पुन्हा दिसायला लागलं होतं.

आता तुमच्या हातात काय आहे ते. कोचना या आठवड्यात सामन्याबद्दल मेल करू नका. तुम्ही चुकीचं काही लिहाल असं नाही, पण ते बोलणं मुलाचं आहे. त्याला सोमवारी कोचकडे एकच प्रश्न घेऊन जाऊ दे: ‘या आठवड्यात मी कोणती एक गोष्ट सुधारू?’ चांगल्या कोचकडे याचं उत्तर एका वाक्यात तयार असतं. कोच ‘सगळंच’ म्हणाले किंवा टोलवाटोलवी केली, तर मला पुन्हा लिहा, मग वेगळं बोलू.

काही बाबतींत मात्र आज रात्रीच मेल करा, फोनही करा: डोकं दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, मळमळत असेल, रोजच्यापेक्षा खूप जास्त किंवा खूप कमी झोपत असेल. तेव्हा कोच आणि ट्रेनर दोघांनाही कळवा आणि डॉक्टरांकडे न्या. दिवसभर खोलीत पडून राहणं हे दुःखही असू शकतं आणि पाच सॅकचा परिणामही. हे गृहीत धरू नका, तपासून घ्या. संघातली पोरं फोनवरून त्याला छळत असतील किंवा कुणी मोठ्या माणसानं शिवीगाळ केली असेल, तर तेही शाळेला कळवायची गोष्ट आहे.

‘सोडतोय’ या शब्दाला आज होही म्हणू नका, नाहीही म्हणू नका. ‘बुधवारच्या सरावानंतर बोलू,’ म्हणा आणि बुधवारी खरंच बोला. तोवर तो दोनदा सराव करून आलेला असेल. त्यानंतरही सोडायचं म्हणाला तर तो विचार करून म्हणतोय, आणि त्याचा मान ठेवायला हवा. आपल्या घरांमध्ये ‘सुरू केलंस ना, मग आता पूर्ण कर’ हे फार चटकन तोंडावर येतं. अभ्यासाला ते ठीक आहे. अंगावर मार घेण्याच्या खेळात मी आईबापांना ते म्हणू देत नाही.

आणि गाडीत, जेवताना, सामन्याचं विश्लेषण नको, बाबांनाही सांगा. आज गरम वरणभात वाढा, शेजारी बसा. तो आपणहून विषय काढेपर्यंत थांबा. काढला, तर ताटाभोवतीच्या वाट्या आणि मिठाची बरणी त्याच्यासमोर ठेवा आणि म्हणा, ‘मला हा खेळ अजून नीट कळत नाही. तो तिसरा थ्रो दाखव, कोण कुठे उभं होतं?’ तो वाट्या मांडायला लागला, की तुम्ही फक्त बघा.